नवा घाटमार्ग

सह्याद्रीच्या माथ्यावर, ठाणे जिल्ह्यातील मुरबाड आणि पुणे जिल्ह्यातील जुन्नर या दोन तालुक्यांच्या सीमेवर, नाणेघाट नावाची एक पुरातन वाट आहे. वैशाखरे गावाच्या बाजूने चढू लागले म्हणजे रानातून आणि दगडी पायऱ्यांवरून ती वाट घाटमाथ्याच्या चिंचोळ्या खिंडीत पोहोचते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन राजांच्या काळी, ही वाट व्यापाराचा एक मोठा मार्ग होती. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला परदेशी माल याच वाटेने जुन्नरकडे व तेथून पुढे पैठणकडे जात असे. आणि देशावरचा माल याच वाटेने बंदराकडे उतरत असे.

खिंडीजवळ खडकात कोरलेले एक लेणे आहे. सातवाहन राणी नागनिका हिच्या नावाने प्रसिद्ध असलेला ब्राह्मी लिपीतील शिलालेख त्याच्या भिंतींवर आहे. राजघराण्याने केलेले यज्ञ आणि त्या प्रसंगी दिलेल्या दानांची गणना त्यात केली आहे. गाई किती, घोडे किती, नाणी किती, हे सारे तेथे अंकांच्या खुणांनी लिहिले आहे. भारतातील अंकचिन्हांच्या अतिशय जुन्या नमुन्यांत या लेखाची गणना होते. घाटाच्या तोंडाशी दगडाचा एक मोठा रांजण आजही उभा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या तांड्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकीत असत, असे परंपरेने सांगतात.

माल, वाट, अंक आणि जकातीचे ठाणे या चार गोष्टी ध्यानात ठेवल्या, म्हणजे आजच्या युगातील एका नव्या वाटेची ओळख करून घेणे सोपे जाते. ती नवी वाट म्हणजे इंटरनेट. मराठीत त्याला आंतरजाल असेही म्हणतात. या वाटेवरून धान्याची पोती जात नाहीत. शब्द, चित्रे, आवाज आणि हिशेब जातात. ही वाट चढताना पाय दुखत नाहीत, हे खरे. परंतु वाटसरूला वाट ठाऊक नसेल, तर येथेही तो चुकतो आणि प्रसंगी लुबाडलाही जातो.

इंटरनेट म्हणजे काय? जगातील असंख्य संगणक एकमेकांस जोडून जे जाळे तयार झाले आहे, त्याचे हे नाव आहे. आपल्या हातातील मोबाइल फोन हाही एक लहानसा संगणकच होय. या जाळ्याचा आरंभ अमेरिकेत झाला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातील एका संगणकाने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील दुसऱ्या संगणकाकडे पहिला संदेश पाठवला. पाठवायचा शब्द होता ‘लॉगिन’. त्याची पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा बंद पडली! थोड्या वेळाने ती दुरुस्त करून पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा पूर्ण शब्द पोहोचला. ज्या जाळ्यावर आज जगाचा व्यवहार चालतो, त्याचा पहिला प्रवास असा अडखळत झाला होता. नवे काही शिकताना ज्यांचे हात अडखळतात, त्यांनी ही गोष्ट विसरू नये.

पुढे १९८९ साली जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाने, निरनिराळ्या संगणकांवरील पाने एकमेकांस जोडून ती कोणालाही वाचता येतील अशी योजना मांडली. ‘वेब’ या नावाने ती ओळखली जाते. एका पानावरील शब्दावर बोट ठेवले, की दुसरे पान समोर उघडते, ही सोय त्या योजनेतून आली. १९९३ साली संस्थेने ही विद्या कोणतेही मूल्य न घेता सर्व जगासाठी खुली केली. भारतात सामान्य नागरिकांसाठी इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली.

मुंबईच्या किनाऱ्यावर, समुद्राच्या तळावरून आलेल्या केबली जमिनीवर येतात. त्यांच्या पोटात केसासारख्या बारीक काचेचे तंतू असतात. त्या तंतूंतून प्रकाशाच्या लुकलुकीने माहिती धावते. तिचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर इतका असतो. तेथून हे तंतू जमिनीखालून शहरोशहरी गेले आहेत. देशातील ग्रामपंचायतींपर्यंत ते नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. तंतू जेथे संपतो, तेथून मनोऱ्याच्या साहाय्याने हवेतील अदृश्य लहरी माहिती वाहून नेतात. डोंगराची भिंत मध्ये आली, की या लहरी अडतात. म्हणूनच सह्याद्रीच्या कुशीतल्या पाड्यांत फोन असूनही ‘रेंज’ मिळत नाही, अशी तक्रार ऐकू येते. २०२० साली करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा डोंगराळ भागातील कितीतरी मुलांना अभ्यासासाठी फोन घेऊन टेकडी चढावी लागली होती.

आता माल कसा जातो ते पाहू. मोठा माल एका बैलाच्या पाठीवर मावत नाही. तो लहान लहान ओझ्यांत बांधावा लागतो, प्रत्येक ओझ्यावर खूण करावी लागते, आणि मुक्कामी पोहोचल्यावर खुणा जुळवून सारा माल एकत्र मांडावा लागतो. इंटरनेटवरही हेच घडते. पाठवायच्या माहितीचे लहान लहान तुकडे केले जातात. असा एक तुकडा सामान्यतः दीड हजार बाइटांपर्यंत असतो. त्याच्यावर तो कोठून आला, कोठे जायचा आहे आणि कितवा आहे, हे लिहिलेले असते. सर्व तुकडे एकाच वाटेने जातील असे नाही. एक वाट अडली, तर तुकडा दुसऱ्या वाटेने जातो. एखादा तुकडा हरवलाच, तर पोहोचण्याच्या ठिकाणचा संगणक तो पुन्हा मागवून घेतो. सगळे जमले, की ते क्रमाने जोडले जातात आणि मूळ वस्तू जशीच्या तशी उभी राहते.

आणि हा माल असतो कशाचा? केवळ अंकांचा. नाणेघाटातील लेखकाने दानाची गणना अंकांनी केली. संगणक तर अक्षरांचीही गणना अंकांनीच करतो. जगातील सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी ‘युनिकोड’ नावाची पद्धत आहे. तिच्यात देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५ आणि ‘म’चा क्रमांक २३५० आहे. संगणक हे क्रमांक ० आणि १ या दोनच अंकांत मांडतो. अशा एका अंकाला बिट म्हणतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. आजच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह साठवण्यास तीन बाइट लागतात. ‘मुरबाड’ या शब्दात म, उकार, र, ब, काना आणि ड अशी सहा चिन्हे आहेत. म्हणून तो शब्द अठरा बाइटांत मावतो. ‘शहापूर’ या शब्दालाही तितकीच जागा लागते.

इंटरनेटवर प्रवेश करण्यासाठी जे साधन वापरतात त्याला ‘ब्राउझर’ म्हणतात. ब्राउझर उघडला, की वरच्या बाजूस एक लांबट चौकट दिसते. जेथे जायचे त्या संकेतस्थळाचा पत्ता ठाऊक असेल, तर तो या चौकटीत लिहावा. पत्ता ठाऊक नसेल, तर जे हवे त्याचे नेमके शब्द लिहून शोध घ्यावा. शोधाचे शब्द जितके नेमके, तितके उत्तर जवळचे. नुसते ‘भात’ असे लिहिले, तर स्वयंपाकाच्या कृतींपासून बियाण्याच्या जाहिरातींपर्यंत सारे काही समोर येईल. ‘भातावरील करपा रोग उपाय’ असे लिहिले, तर शेतकऱ्याला हवे असलेले पान सापडण्याचा संभव अधिक. मराठीतील प्रश्न मराठीतच विचारता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. फोनच्या कळफलकात मराठी भाषा निवडली, की देवनागरीत लिहिता येते. मराठी विश्वकोशाच्या नोंदी इंटरनेटवर वाचता येतात. मराठी विकिपीडिया हा वाचकांनीच लिहिलेला ज्ञानकोश २००३ सालापासून तेथे आहे.

मात्र जे प्रथम दिसले ते खरे, असे मानू नये. शोधाच्या पानावर पुष्कळदा आरंभीच पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात. पान कोणी लिहिले, केव्हा लिहिले, आणि तीच गोष्ट दुसऱ्या विश्वासू ठिकाणी आढळते की नाही, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्याने लावून घ्यावी.

इंटरनेटवर पाहिलेली वस्तू आपल्या संगणकात किंवा फोनमध्ये उतरवून घेणे याला ‘डाउनलोड’ करणे म्हणतात. अशा वस्तूला ‘फाइल’ हे नाव आहे. एकदा फाइल उतरवून घेतली, की नंतर रेंज नसली तरी ती उघडता येते. डोंगरातल्या पाड्यासाठी हा मोठाच लाभ होय. तालुक्याच्या गावी बाजाराला गेलेल्या माणसाने तेथे फाइल उतरवून घेतली, तर घरी परतल्यावर ती निवांत वाचता येते.

एक उदाहरण घेऊ. ‘बालभारती’ची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर ‘पीडीएफ’ या स्वरूपात मिळतात. एखाद्या मुलाचे पुस्तक पावसात भिजून गेले, तर त्याने तेथे जाऊन आपली इयत्ता, माध्यम आणि विषय निवडावा आणि ‘डाउनलोड’ या शब्दावर बोट ठेवावे. समजा, त्या पुस्तकाची फाइल १५ मेगाबाइटांची आहे; म्हणजे सुमारे दीड कोटी बाइट झाले. दीड हजार बाइटांचा एक, याप्रमाणे तिचे सुमारे दहा हजार तुकडे होतील. दहा हजार बैलांचा तांडाच तो! इंटरनेटचा वेग सेकंदाला ४ मेगाबिट असेल, तर ती उतरण्यास किती वेळ लागेल? एका बाइटात आठ बिट असतात. म्हणून १५ मेगाबाइट म्हणजे १२० मेगाबिट. १२० ला ४ ने भागले, की उत्तर येते ३० सेकंद. रेंज क्षीण असेल, तर याच कामास अर्धा तासही लागू शकतो. अशा वेळी कंटाळून पुन्हा पुन्हा बोट दाबू नये. तसे केल्यास तीच फाइल अनेकदा उतरते आणि जागा व पैसा दोन्ही वाया जातात.

उतरलेली फाइल ‘डाउनलोड्स’ नावाच्या कप्प्यात जाऊन बसते. पुष्कळ नवशिके फाइल उतरवतात आणि ती गेली कोठे म्हणून शोधत बसतात. यासाठी फाइलला ओळखू येईल असे नाव देऊन ती योग्य कप्प्यात ठेवावी. फाइलच्या नावाच्या शेवटी बिंदूनंतर तिची जात लिहिलेली असते. ‘पीडीएफ’ म्हणजे वाचण्याचा कागद, ‘जेपीजी’ म्हणजे चित्र, ‘एमपी३’ म्हणजे आवाज. ‘एपीके’ या जातीकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. ती वाचण्याची किंवा पाहण्याची वस्तू नसून फोनमध्ये शिरून काम करणारा कार्यक्रम असते. लग्नपत्रिका किंवा सरकारी योजनेची यादी अशा निरुपद्रवी नावाखाली एपीके फाइल धाडून लोकांच्या फोनचा ताबा घेण्याचे आणि बँकेतील पैसे पळवण्याचे प्रकार देशात अनेक ठिकाणी घडले आहेत. लग्नपत्रिका वाचण्यासाठी फोनमध्ये नवा कार्यक्रम बसवावा लागत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

इंटरनेटवरून जे पत्र पाठवतात त्याला ‘ईमेल’ म्हणतात. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने जाळ्यावरील एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर असे पत्र पाठवून दाखवले. पत्त्यात माणसाचे नाव आणि ठिकाण वेगळे दिसावे म्हणून त्याने ‘@’ ही खूण निवडली. ही खूण ‘ॲट’ अशी वाचतात. समजण्यापुरता ‘शाळा@उदाहरण.भारत’ असा पत्ता कल्पू. यातील ‘शाळा’ हे पत्र घेणाऱ्याचे नाव, आणि खुणेनंतरचा भाग हे त्याच्या टपालघराचे नाव. बहुतेक पत्ते रोमन लिपीत असतात. तथापि देवनागरीत ‘.भारत’ हा शेवट असलेली स्थळनामे घेण्याची सोय २०१४ सालापासून झाली आहे. पत्त्यात एक अक्षर किंवा एक बिंदू चुकला, तरी पत्र परत येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच माणसाच्या हाती पडते.

ईमेलच्या कोऱ्या पानावर तीन जागा असतात. पहिल्या जागी पत्ता लिहावा. दुसऱ्या जागी विषय लिहावा. तो थोडक्यात आणि स्पष्ट असावा. तिसऱ्या मोठ्या जागेत मजकूर लिहावा. पत्रासोबत चित्र किंवा कागद पाठवायचा असेल, तर कागद अडकवण्याच्या टाचणीसारख्या खुणेवर बोट ठेवून फाइल जोडावी. समजा, शहापूर तालुक्यातील एका शाळेतील मुलांना नाणेघाटाविषयी माहिती हवी आहे, आणि ती त्यांनी मुरबाड तालुक्यातील एका शाळेकडे मागितली आहे. त्यांचे पत्र असे होईल :

विषय : नाणेघाटाच्या माहितीविषयी विनंती

मा. मुख्याध्यापक यांस सादर नमस्कार.

आमच्या वर्गाने ‘आपल्या जिल्ह्यातील जुन्या वाटा’ या विषयावर एक हस्तलिखित तयार करण्याचे योजिले आहे. आपल्या शाळेची सहल नाणेघाटास जाऊन आल्याचे आमच्या गुरुजींकडून समजले. तेथील रांजणाचे व शिलालेखाचे एकेक छायाचित्र, तसेच विद्यार्थ्यांनी लिहिलेले सहलीचे वर्णन आपण पाठवू शकाल काय? आमच्या हस्तलिखितातील तानसा तलावावरील लेख आम्ही या पत्रासोबत जोडला आहे. तो आपल्या विद्यार्थ्यांना आवडेल, अशी आशा आहे.

कळावे,
आपले नम्र,
इयत्ता सातवीचे विद्यार्थी

पत्र कागदावरचे असो की पडद्यावरचे, त्यातील अदब तीच. ‘पाठवा’ या खुणेवर बोट ठेवण्यापूर्वी पत्र एकदा वाचून पाहावे. पत्ता बरोबर आहे ना, आणि जोडायची फाइल खरोखर जोडली आहे ना, हे तपासावे. टपालपेटीत टाकलेले पत्र जसे हात घालून परत काढता येत नाही, तसेच याचेही आहे. रागाच्या भरात लिहिलेले पत्र तर रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी बहुधा ते पाठवावेसे वाटत नाही.

ईमेलचे टपालघर आपल्याच नावाचे असले, तरी त्याची किल्ली आपण जपली पाहिजे. या किल्लीला ‘पासवर्ड’ म्हणतात. आपले नाव, जन्मतारीख किंवा १२३४५६ असे अंक पासवर्ड म्हणून कधीही ठेवू नयेत. ते कोणीही ओळखतो. निदान बारा चिन्हांचा, सहज न सुचणारा पासवर्ड निवडावा. फोनवर कधी कधी थोड्या वेळापुरता एक गुप्त अंक येतो. त्याला ‘ओटीपी’ म्हणतात. बँकेचा खरा अधिकारी तो फोन करून कधीही विचारत नाही. जो विचारतो, तो चोर समजावा. फसवणूक झाल्याचे ध्यानात येताच, लाज न बाळगता, क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर होईल, तितके पैसे वाचण्याचा संभव अधिक. लहान मुलांनी घरातील मोठ्यांच्या किंवा शिक्षकांच्या संमतीनेच ईमेल वापरावा, आणि अनोळखी माणसास आपला पत्ता, छायाचित्र किंवा शाळेचे नाव कळवू नये.

नाणेघाटाच्या तोंडाशी जकातीचे ठाणे होते. आलेले ओझे पाहिल्यावाचून पुढे सोडायचे नाही, हे तेथील अधिकाऱ्याचे काम. इंटरनेटवर हे काम ज्याने त्याने स्वतः करावयाचे असते.

ही सावधगिरी मुलांनाच इतकी का शिकवायची? कारण खेड्यातील पुष्कळ घरांत नव्या वाटेचा पहिला वाटसरू बारा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असते. शेताच्या कामासाठी सातबाराचा उतारा हवा असला, तर पूर्वी शेतकऱ्याला तलाठ्याच्या कचेरीत खेटे घालावे लागत. मजुरी बुडे, एसटीचे भाडे पडे. २०१८ सालापासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा इंटरनेटवरून उतरवून घेता येतो. परंतु आजोबांना पडद्यावरची अक्षरे लागत नसतील, तर त्यांना आपला फोन दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो, आणि त्यासोबत आपला गुप्त अंकही सांगावा लागतो. तो दुसरा माणूस प्रामाणिक असेल तर ठीक, नसेल तर? घरातील नातीला ही विद्या नीट येत असेल, तर आजोबांना कोणाच्याही दारी जावे लागत नाही. येथे विद्या म्हणजे केवळ परीक्षेतील गुण नव्हेत. ती घराची राखण आहे.

शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांनी शिकण्याची आवड दाखवून दिली आहे. शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक संदीप गुंड यांनी गावकऱ्यांच्या साहाय्याने संगणकीय साधनांवर शिकवण्याचा उपक्रम उभा केला. ती शाळा ‘डिजिटल शाळा’ म्हणून राज्यभर गाजली आणि इतर अनेक शाळांनी तिचे अनुकरण केले. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनी, शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी उलटलेल्या, बालपणी शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीबाई गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर अडकवून वर्गात बसू लागल्या. आजवर ज्यांना कागदावर अंगठा उमटवावा लागत होता, त्या आपले नाव लिहू लागल्या. शिकण्याचे वय निघून गेले, असे म्हणणाऱ्यांस याहून चांगले उत्तर कोणते?

शहापूर तालुक्यात तानसा नदीवर बांधलेला तलाव १८९२ सालापासून मुंबईला पाणी पुरवीत आहे. भातसा धरणाचे पाणीही मुंबईला जाते. मोठमोठ्या नळांतून ते पाणी दूरच्या शहरापर्यंत पोहोचते. पण याच तालुक्यातील कितीतरी पाड्यांना वर्षानुवर्षे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागली आहे. पाणी जवळून वाहते, म्हणजे ते घागरीत आलेच असे नव्हे. इंटरनेटचेही तसेच आहे. मुंबईच्या किनाऱ्यावरून निघालेला काचेचा तंतू गावाच्या वेशीपर्यंत येईल, घराघरांत फोनही येतील. परंतु प्रश्न विचारण्याची, खरेखोटे पारखण्याची आणि आपली किल्ली जपण्याची विद्या नसेल, तर ज्ञान दारावरून वाहून जाईल आणि घर मात्र कोरडेच राहील.

ती विद्या ज्याला लाभली आहे, त्याने ती आपल्यापुरती ठेवू नये. घरातील वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या हातून फोन ओढून न घेता, त्यांचेच बोट योग्य खुणेवर ठेवून त्यांना वाट दाखवावी. ते एकदा चुकतील, दोनदा चुकतील. या जाळ्याचा पहिला संदेशसुद्धा दोनच अक्षरे चालून थांबला होता.

स्वाध्याय

१. इंटरनेटवर माहितीचे तुकडे करून का पाठवतात? बैलांच्या तांड्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. ‘भात’ या शब्दाऐवजी ‘भातावरील करपा रोग उपाय’ असा शोध घेणे अधिक चांगले का?
३. २४ मेगाबाइटांची फाइल सेकंदाला ८ मेगाबिट वेगाने किती वेळात उतरेल?
४. ‘ठाणे’ हा शब्द साठवण्यास किती बाइट लागतील? चिन्हे मोजून उत्तर काढा.
५. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल आली, तर तुम्ही काय कराल? का?
६. ‘येथे विद्या म्हणजे केवळ परीक्षेतील गुण नव्हेत, ती घराची राखण आहे,’ या वाक्याचा अर्थ आठ-दहा ओळींत लिहा.
७. शेजारच्या तालुक्यातील एका शाळेकडे तेथील एखाद्या जुन्या वास्तूची माहिती मागणारे ईमेल पत्र लिहा. विषयाची ओळ लिहिण्यास विसरू नका.